वीस डॉलरची बंदूक

परवा मावशीचा पुण्याहून फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच विचारते, "काय रे, तू अजून त्या बंदुका घेतोस का?" सूर असा, की "अजून तंबाखू खातोस का" असंच विचारतेय. म्हटलं, "हो गं, पण हल्ली कमी. महाग झाल्यात." त्यावर ती म्हणाली, "देव पावला!"

तेव्हाच ठरवलं, की एकदा हे लिहून टाकावं. नातेवाईकांपैकी निम्म्यांना वाटतं मी ओहायोत राहून काउबॉय झालोय. उरलेल्या निम्म्यांना वाटतं घराला धोका असेल, म्हणून घेतल्या असतील. दोन्ही खोटं. मी जुन्या लष्करी रायफली जमवतो. कुणी नाणी जमवतं, कुणी दिवे, कुणी अडकित्ते. फरक एवढाच, की अडकित्त्याने फार तर बोट कापतं. हा फरक लहान नाही हे मलाही कळतं. घरात लोखंडी तिजोरी आहे, काडतुसं वेगळ्या खोलीत वेगळ्या कुलपात, आणि मुलगी लहान होती तोवर रायफलींचे बोल्टसुद्धा काढून तिसरीकडे ठेवलेले असायचे. असो.

तर विषय स्वस्ताईचा. जमवणाऱ्या माणसाला दोन गोष्टींचा नाद असतो. एक वस्तूचा आणि दुसरा ती वस्तू स्वस्तात मिळवल्याचा. दुसरा नाद जास्त वाईट.

माझी पहिली रायफल २००६ सालची. त्याआधी एच-१ व्हिसावर होतो. त्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर इथे बंदूक घेता येत नाही. ग्रीन कार्ड आलं आणि वर्षभरात मी खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानातून रशियन मोसिन-नागान उचलली. ८९ डॉलर! तेव्हा त्या पिंपात खराटे ठेवावेत तशा उभ्या असायच्या. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर तिथली गोदामं रिकामी झाली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या लाखो रायफली इकडे आल्या. जोडीला काडतुसांचा सीलबंद डबा, ४४० नगांचा, उघडायला पत्र्याचा ओपनर लागतो असा. तोही शंभराच्या आतला. गोळीमागे वीस सेंट पडले, याचा मला त्या दिवशी कोण आनंद!

शनिवारी रेंजवर जाऊन चाळीसेक गोळ्या झाडल्या. रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता, सोमवारी ऑफिस. मंगळवारी रात्री रायफल काढली आणि नळीत टॉर्च मारला, तर आत कुंकू सांडल्यासारखं लाल. त्या जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून मागे जो क्षार उरतो तो मिठासारखाच हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि नळी गंजते. उपाय अगदी सोपा. त्याच दिवशी नळीतून गरम पाणी सोडायचं, कोरडी करायची, तेल लावायचं. पाण्याने मीठ विरघळतं, झालं. पण हे ठाऊक असावं लागतं. मला नव्हतं, आणि ६० वर्षं युद्धं आणि गोदामं पाहिलेली नळी मी तीन दिवसांत घालवली.

तेव्हापासून पुस्तकं वाचायला लागलो, रेंजवरच्या म्हाताऱ्यांच्या पाठी लागलो. त्यातला एक तर माझा गुरूच झाला. टूल-अँड-डाय मेकर, रिटायर्ड, बोटांच्या रेषांत अजून ग्रीस. गन शोमध्ये टेबलापाशी कसं उभं राहायचं हे त्याने शिकवलं. आधी मालकाला विचारून रायफल हातात घ्यायची, रिकामी आहे ना ते स्वतः पाहायचं. मग बोल्टवरचा नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर जुळतो का ते बघायचं. जुळत नसेल तर बोल्ट कुठल्या तरी दुसऱ्याच रायफलीचा आहे. मग बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागे फट किती उरते ते गेजने तपासून घेतल्याशिवाय एक गोळी झाडायची नाही. नळीच्या तोंडाशी आटे झिजलेत का ते बघायचं, कारण सैनिक साफ करायच्या सळीने तिथेच घासतात. लाकूड कापलंय का? १९५०-६० च्या काळात इथे लोकांनी सुंदर लष्करी रायफलींचं पुढचं लाकूड कापून हरणांच्या शिकारीसाठी हलक्या करून घेतल्या. त्या स्वस्त मिळतात, पण संग्रहाच्या दृष्टीने ते शिर छाटलेले पुतळे.

आणि काही स्वस्त माल स्वस्त असतो तो कारणाने. अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ रायफल, स्प्रिंगफील्डच्याच कारखान्यातली आणि नंबर आठ लाखांच्या खालचा असेल, तर तिचं पोलाद तापवताना झालेल्या चुकीमुळे ठिसूळ निघू शकतं. इंग्रजी ली-एनफील्डवर 'डीपी' असा ठसा असेल तर ती कवायतीपुरती. अशा रायफली भिंतीवर छान दिसतात. खांद्याला लावू नयेत.

हे सगळं शिकून जे स्वस्तात मिळतं ते मला हक्काचं वाटतं. दुकानदाराने टेबलावर चुकीची चिठ्ठी लावलीय आणि मला ते कळलंय, तर मी गुपचूप पैसे काढतो. त्याचा तो धंदा आहे, त्यानेही कुणाकडून तरी निम्म्या भावात घेतलीय, उद्या तो मला टोपी घालणारच आहे. तुळशीबागेत वाढलेल्या माणसाला या बाबतीत अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

एक स्वस्ताई मात्र मी पहिल्यापासून नाकारली. गन शोच्या पार्किंग लॉटमध्ये एखादा भेटतो, "वीस डॉलर कमी दे, कागद नकोत." ओहायोत दोन खाजगी माणसांच्या अशा व्यवहाराला चौकशी लागत नाही, म्हणजे तो काही बेकायदा बोलत नसतो. पण मी त्याला ओळखत नाही, तो मला ओळखत नाही, आणि कागद कुणाला नको असतात याचा थोडा विचार केला तर अंगावर काटा येतो. १९६३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या एका दुकानातून एकाने खोट्या नावाने टपालाने एक जुनी इटालियन कार्कानो रायफल मागवली. दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट, वर दीड डॉलर टपालखर्च. मागवणारा ली हार्वे ओस्वाल्ड. पुढे नोव्हेंबरात डल्लासला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९६८ च्या कायद्याने टपालाचा तो रस्ता बंद केला. माझ्याकडे आता संग्राहकाचा सरकारी परवाना आहे, तीन वर्षांना ३० डॉलर. त्यावर ५० वर्षांहून जुन्या रायफली थेट घरी मागवता येतात. बदल्यात एक वही ठेवावी लागते. कुठली बंदूक, कुठला नंबर, कुणाकडून, कुठल्या तारखेला आली आणि कुणाकडे गेली. सरकारी माणूस ती वही बघायला मागू शकतो. मला ती वही आवडते. आमच्या आजोबांचा हिशेबाचा स्वभाव असेल.

आजोबांवरून खऱ्या गोष्टीकडे येतो.

२०११ चा ऑक्टोबर. ऑफिसातल्या एकीने सांगितलं, आमच्या शेजारच्या आजींचे यजमान वारले, तळघरात दोन बंदुका आहेत, नातवंडं थँक्सगिव्हिंगला यायच्या आत त्यांना त्या घराबाहेर हव्यात. मी शनिवारी गेलो. आजी ऐंशीच्या घरातल्या. कॉफी, केक, भिंतीवर यजमानांचा कोरियातला फोटो. तळघरात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या दोन रायफली आणि बिस्किटाच्या डब्यात काडतुसं.

पहिली उघडली आणि हात थांबला. थ्री-नॉट-थ्री ली-एनफील्ड. मुठीजवळच्या पट्टीवर मुकुट, त्याखाली जॉर्ज राजाची अक्षरं, आणि त्याखाली 'इशापूर', १९४३. म्हणजे हुगळीकाठची, कोलकात्याच्या उत्तरेची रायफल फॅक्टरी. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली, हातबॉम्ब फेकताना लाकूड फुटू नये म्हणून. मग डब्यातलं एक काडतूस उचलून बुड पाहिलं. 'के' आणि 'एफ'. कर्की फॅक्टरी. म्हणजे आपली खडकी!

आता हे तुम्हाला कसं सांगू. माझे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. युद्धाच्या काळातही होते. दापोडीहून सायकलने जायचे, भोंगा व्हायच्या आत गेटवर. संध्याकाळी बाहेर पडताना झडती. आजी सांगायची, की यांनी उभ्या आयुष्यात कारखान्यातून एक खिळा घरी आणला नाही. आणि इथे ओहायोतल्या एका तळघरात, बिस्किटाच्या डब्यात, बहुधा नीलगिरीतल्या अरुवनकाडूची कॉर्डाईट पोटात घेतलेलं, शेवयांसारख्या काड्या भरलेलं ते पितळ माझ्या तळहातावर होतं. १९४३ चंच. हे त्यांच्या हाताखालून गेलेलं नसेल कशावरून? नसेलही. पण मला त्या क्षणी दुसरं काही सुचत नव्हतं.

म्हणूनच असेल, दुसरी बंदूक मी जरा घाईने पाहिली. ती एम-१ कार्बाईन. आखूड, हलकी, महायुद्धात साठ लाखांच्या वर बनलेली. बनवायला दहाएक कंपन्या होत्या, त्यात टाइपरायटरवाले, ज्यूकबॉक्सवालेसुद्धा. हिच्यावर नाव होतं आय.बी.एम.! त्यांनीही साडेतीन लाखांच्या आसपास बनवल्या. सोबत पिवळा पडलेला कागद. १९६३ मध्ये सरकारने नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना या कार्बाईन २० डॉलरला विकल्या होत्या, टपालखर्चासकट. यजमानांनी तेव्हा घेतलेली, आणि कागद जपून ठेवलेला.

आजी म्हणाल्या, "दोन्हींचे मिळून दीडशे द्याल का? जास्त होतात का? याचे त्यांनी वीस दिले होते, मी शंभर धरलेत. ती दुसरी पन्नास."

त्या दिवशीच्या बाजारात ती कार्बाईन, कागदासकट, आठशे ते हजार डॉलरची होती. इशापूरची अडीचशे. मी म्हटलं, "नाही, ठीक आहेत." आणि दीडशे डॉलर रोख मोजले. केकचा आणखी एक तुकडा खाल्ला. आजींनी दारापर्यंत येऊन आभार मानले, वर "तुम्ही चांगले गृहस्थ दिसता" असंही म्हणाल्या.

गाडीत मी अक्षरशः गात होतो.

रात्री वही काढली. नाव, नंबर, तारीख, कुणाकडून. आजींचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. लिहून झाल्यावर लक्षात आलं, की या वहीत किमतीचा रकानाच नाही. सरकारला किंमत नको आहे. मी काय दिले हे जगात फक्त दोघांना माहीत, आणि त्यातल्या एकीला त्याचा अर्थ माहीत नाही. झोप लागली नाही. खडकीचं ते काडतूस टेबलावर उभं होतं. गेटवरची झडती आठवत होती.

सकाळी हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुझी आई एकटी असती आणि कुणी तिच्या पाटल्या अशा नेल्या असत्या तर?" बस्स, एवढंच. आणि चहा ओतायला गेली.

रेंजवर गुरूला सांगितलं तर तो उखडला. त्याचं म्हणणं असं: किंमत तिने सांगितली, तू पाडून मागितली नाहीस. तिला पैसे नको होते, बंदुका घराबाहेर हव्या होत्या, ते काम तू केलंस. नळीत किडा लागलेली निघाली असती तर तू परत मागायला गेला असतास का? तू पाच वर्षं शिकण्यात घालवलीस, त्याचे पैसे कोण देणार?

युक्तिवाद बिनतोड आहे. मी अजून कधी कधी त्याला उत्तर शोधतो. मला जे सापडलं ते एवढंच, की दुकानदार आणि मी एकाच खेळात आहोत, आजी त्या खेळात नव्हत्या. त्यांनी मला गिऱ्हाईक म्हणून आत घेतलं नव्हतं, जाणकार म्हणून घेतलं होतं. "जास्त होतात का?" हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला होता. आणि मी त्याचं उत्तर खोटं दिलं. "ठीक आहेत" हे खोटंच होतं. डॉक्टरकडे, वकिलाकडे, सोनाराकडे आपण असंच विचारतो आणि समोरचा खरं सांगेल असं धरतो. माझं ज्ञान विकत घेतलेलं आहे हे खरं, पण म्हणून ते मला तिच्याविरुद्ध वापरता येईल असं नाही.

पुढच्या शनिवारी गेलो. आजींना सगळं सांगितलं, सातशेचा चेक पुढे केला. त्या गोंधळल्या. मुलाला फोन लावला. मुलगा पलीकडून बराच वेळ बोलला, मग आजी ओशाळून म्हणाल्या, की तो म्हणतो ती कार्बाईन परत घेऊन ठेव, आपण लिलावात देऊ. मुलाला वाटलं असणार, हा माणूस सातशे द्यायला आपणहून आलाय म्हणजे खरी किंमत दोन हजार असेल. त्याच्या जागी मीही असाच विचार केला असता. शंभर डॉलर परत घेतले, कार्बाईन ठेवली, वहीत 'परत दिली' अशी तारीख टाकली. इशापूरचे वरचे दोनशे मात्र त्यांनी घेतले. म्हणजे हिशेब असा, की आठवडाभर मी आय.बी.एम.च्या कार्बाईनचा मालक होतो. पुन्हा तशी मिळाली नाही. मिळतात, पण आता त्यांच्या किमती ऐकून मावशीलाच आनंद व्हावा.

गुरूने महिनाभर माझी टिंगल केली. "चांगले गृहस्थ" म्हणूनच हाक मारायचा.

तेव्हापासून घरगुती माल असेल तर मी आधी बाजारभाव सांगतो, मग माझा आकडा. दुकानदार साधारण निम्मे ते साठ टक्के देतो, मी त्याहून जास्त देतो. मला तरीही बाजारापेक्षा कमीच पडतं आणि समोरच्याला कळून विकल्याचं समाधान राहतं. या रीतीने घबाड मिळत नाही हे कबूल. खरं घबाड हवं असेल तर जुना सरकारी मालच घ्यावा. आमच्याच राज्यात, ईरी सरोवराकाठी कॅम्प पेरीला सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमचं दुकान आहे. नागरिकत्व मिळाल्यावर तिथून मी सहाशेच्या आसपास एक गॅरंड घेतली, तपासलेली, प्रतवारी केलेली, फसवणुकीला जागाच नाही. फक्त तिला शिकारीची जहाल काडतुसं घालायची नाहीत, आतला दांडा वाकतो.

बाकी स्वस्ताईचे दिवस गेलेच. ती ८९ डॉलरची मोसिन आता चारशेच्या पुढे जाते. २०२१ च्या सप्टेंबरपासून रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने मिळणंही बंद झालं. डबे होते ते संपत आले. त्याच वर्षी तिकडे आपल्या आयुध निर्माण्यांच्या कंपन्या झाल्या. खडकी आता म्युनिशन्स इंडियाकडे गेली आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे हे वाचून उगाच बरं वाटलं.

आमच्या जमातीत एक जुना विनोद आहे: माझी एकच भीती, मी मेल्यावर बायको माझ्या बंदुका मी तिला सांगितलेल्या किमतीला विकेल. गन शोमध्ये हा विनोद दर तासाला एकदा ऐकू येतो आणि दर वेळी सगळे हसतात. दोन वर्षांपूर्वी गुरू गेला. त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा मला त्या तळघराची आठवण होऊन पोटात गोळाच आला. पण तिच्या हातात एक वही होती. पेन्सिलीने लिहिलेली, प्रत्येक रायफल, नंबर, आजची किंमत, कुणाला विचारायचं, कुणाला अजिबात विचारायचं नाही. दर वर्षी खोडून नवा आकडा घातलेला. म्हणजे माझी टिंगल करून घरी गेल्यावर या गृहस्थाने हे केलं होतं. विचारायच्या यादीत माझं नाव पहिलं, पुढे कंसात 'चांगले गृहस्थ'.

म्हणून गेल्या दिवाळीत मीही यादी करायला बसलो. एकूण अकरा नग. डावीकडे मी काय दिले, उजवीकडे आज काय येतील. ही शेजारी बसून वाचत होती. तिसऱ्या ओळीला थांबली. "हिचे तू साडेचारशे दिलेस? मला दोनशे सांगितले होतेस." मी म्हटलं, दोनशे म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने... त्यापुढचं संभाषण इथे देत नाही.

इशापूरच्या ओळीत उजवीकडचा रकाना मी मोकळा सोडला होता. ती म्हणाली, "हिचं काय?" म्हटलं, साडेचारशे-पाचशे येतील. "मग लिही की." ती रायफल पुण्याला नेता येणार नाही, लेकीला बंदुकांचं काडीचं प्रेम नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. खंडेनवमीला ती आणि खडकीचं ते एक काडतूस पाटावर ठेवून मी हळदकुंकू वाहतो, लेक फोनवर फोटो काढून मावशीला पाठवते, मावशी कपाळाला हात लावलेलं चित्र पाठवते.

तो रकाना अजून भरलेला नाही. या रविवारी बसायला हवं.